तेंदूचा हिशेब आणि युनिट टेस्ट

महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुडक्यात ७० पानं, प्रमाण गोणीत १,००० पुडकी. शेजारच्या छत्तीसगडात पुडकं ५० पानांचं. एखाद्या ग्रामसभेसाठी हा हिशेब करणारा पायथन प्रोग्राम लिहिला, की तपासायला बहुधा कामचलाऊ स्क्रिप्ट होते: चार आकडे घालायचे, उत्तर प्रिंट करायचं, डोळ्यांनी बघायचं. यात वाईट काही नाही; पण बरोबर उत्तर कोणतं, हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं.

म्हणून प्रत्येक प्रिंटच्या जागी अपेक्षित उत्तरासह असर्ट लिहा: २,३५० पुडकी म्हणजे २.३५ गोण्या. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट. मग ०, ९९९, १,००० पुडकी, कोरा रकाना, उणे आकडा, आणि ५० पानांचं पुडकं आलं तर काय, तेही. मजुरीच्या पैशांना फ्लोट नको, डेसिमल वापरा.

खरी मेख फाइलींत असते. कामचलाऊ स्क्रिप्ट चालू हंगामाच्या नोंदवहीतच लिहून मोकळी होऊ शकते! पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनातलं 'टीएमपी_पाथ' प्रत्येक टेस्टला वेगळं तात्पुरतं फोल्डर देतं.

जुना कोड कळत नसेल, तर तो आज जे उत्तर देतो तेच आधी टेस्टमध्ये नोंदवा. मायकेल फेदर्स यांच्या २००४च्या पुस्तकात याला 'कॅरॅक्टरायझेशन टेस्ट' म्हटलं आहे. सुरुवातीला पायटेस्टही नको असेल तर 'युनिटटेस्ट' आहेच. ते २००१पासून पायथनसोबतच येतं आणि चालवायला इंटरनेट लागत नाही.