दोन सेकंदांची माया : व्हिडिओ मिक्सिंगच्या धंद्यात एआय

लग्नाच्या शूटिंगचा धंदा करणाऱ्याला विचारा, मिक्सिंगला बसल्यावर काय कमी पडते? तो सेकंद म्हणेल. नवरदेव हॉलच्या दारातून आत येतो, कॅमेरावाला एक क्षण आधी बटण बंद करतो, आणि मग दोन सीन एकमेकांत विरघळवायचे म्हटले तर हाताशी मालच नसतो. एका सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध टाकायचा तर पहिल्या सीनच्या शेवटी अर्धा आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला अर्धा सेकंद शिल्लक असावा लागतो. आमचे शिंपी बांधव हे लगेच ओळखतील. शिवणीसाठी कापडात माया सोडतात, तसलाच हा प्रकार. व्हिडिओवाले त्याला हँडल म्हणतात.

माया नसली की आजवर दोनच उपाय होते. सीन स्लो करायचा, म्हणजे पाहुणे पाण्यात चालल्यासारखे दिसतात. नाहीतर मध्ये फुलांच्या हाराचा नाहीतर झुंबराचा सीन घुसवायचा. आपल्या लग्नांच्या व्हिडिओत झुंबरे इतकी का असतात, याचे गुपित बरेचसे यात आहे.

आता तिसरा उपाय निघाला आहे. अॅडोबी कंपनीने आपल्या प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये 'जनरेटिव्ह एक्स्टेंड' नावाचे हत्यार ऑक्टोबर २०२४ मध्ये चाचणीसाठी व एप्रिल २०२५ मध्ये सर्वांसाठी दिले. सीनची कड माऊसने पकडून ओढावयाची. जेथे खरे चित्र संपते तेथून पुढे संगणक स्वतः चित्र तयार करतो, जास्तीत जास्त दोन सेकंद. २५ फ्रेमच्या हिशोबाने पाहिले तर ही ५० नवी चित्रे झाली, जी कोणत्याही कॅमेऱ्याने कधी टिपली नाहीत. आजूबाजूचा आवाज, म्हणजे खोलीतली घरघर, गर्दीची कुजबुज, दहा सेकंदांपर्यंत वाढवता येतो. गाणे मात्र वाढत नाही, आणि माणसाचे बोलणेही नाही.

आमच्या ओळखीचे एक व्हिडिओवाले भिवंडीत आहेत. त्यांच्या स्टुडिओत बसून आम्ही हा प्रयोग डोळ्यांनी पाहिला. पहिला सीन स्टेजमागच्या पडद्याचा होता. पडदा दोन सेकंद आणखी हलला, आणि जोड कोठे आहे हे आम्हाला सांगता आले नाही. दुसरा सीन दस्तरख्वानाचा. एक मुलगा बिर्याणीच्या ताटाकडे हात नेतो आणि सीन तुटतो. संगणकाने तो हात पुढे नेला खरा, पण बोटे एकमेकांत मिसळून गेली. तिसरा प्रयोग आवाजाचा, आणि आमच्या मते कामाचा खरा हाच. वडीलधारे आशीर्वादाचे दोन शब्द बोलताना मध्ये कोणाचा तरी मोबाईल वाजला होता. तो तुकडा कापला की तेथे खड्डा पडतो, आणि कानाला तो डोळ्यापेक्षा लवकर कळतो. हॉलच्या पंख्यांची घरघर चार सेकंद वाढवून त्या खड्ड्यात भरली. विषय संपला.

हे काम आपल्या संगणकात होत नाही, हे ध्यानात ठेवावे. सीन नेटवरून कंपनीच्या यंत्रांकडे जातो, तेथे तयार होतो आणि परत येतो. म्हणजे नेट नसेल तर हत्यार बंद. सुरुवातीला काही काळ हे फुकट होते. त्यानंतर प्रत्येक वाढीसाठी क्रेडिट मोजले जाईल असे ठरले. शिवाय गिऱ्हाइकाच्या घरातल्या बायकामुलींचे चित्र दुसऱ्याच्या यंत्रावर जाते, ही गोष्ट शूटिंग घेतानाच घरच्यांना सांगितलेली बरी. पुष्कळ घरांत यावर हरकत निघेल, आणि ती हरकत रास्त आहे.

दोन सेकंद वाढवणे निराळे आणि अख्खा सीन हवेतून काढणे निराळे. ओपनएआय कंपनीचे सोरा डिसेंबर २०२४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. गुगलने मे २०२५ मध्ये व्हिओ ३ आणले. ते चार ओळी लिहून दिल्या की आठ सेकंदांचा सीन आवाजासकट करून देते. येथे आमच्या दुकानदार बांधवांचे कान टवकारले जातील, कारण जाहिरातीसाठी मॉडेल नको, लाईट नको, शूटिंगचा दिवस नको.

असाच हिशोब करून एका कापड दुकानदाराने जरीच्या ओढणीची जाहिरात बनवून घेतली. जाहिरातीत ओढणी अशी झळकली की फोनवर फोन आले. माल घरी पोहोचल्यावर जर निम्मीसुद्धा नव्हती, कारण संगणकाने दुकानातली ओढणी पाहिलीच नव्हती. त्याने 'जरीची ओढणी' या शब्दांवरून एक ओढणी कल्पनेने विणली होती. माल परत आला, आणि जुनी गिऱ्हाइके गेली ती वेगळीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड होवो न होवो, वजनात मारणारा आणि चित्रात मारणारा यांत आम्ही तरी फरक करत नाही. ओढणी खरी दाखवा. मागचा बाग, आकाश, पाऊस वाटल्यास संगणकाचा घ्या, पण जो माल विकायचा त्याला हात लावू नका.

आवाजाच्या बाबतीतही असेच. इलेव्हनलॅब्स कंपनीने २०२४ मध्ये, शब्द लिहून दिले की आवाज तयार करणारी सोय काढली. आम्ही पॉवरलूमचा खडखडाट मागितला. जे आले ते दुरून जाणाऱ्या मालगाडीसारखे होते. मुंबईच्या जाहिरातवाल्यास ते चालून जाईल, पण भिवंडी-मालेगावच्या कारागिराला ते ऐकवा, तो हसेल. खरा लूम चार गल्ल्यांवर चालू असताना त्याची नक्कल का मागवावी? मोबाईल घेऊन जा, दोन मिनिटे टिपून आणा, वर्षभर पुरेल.

मालेगावच्या नासिर शेख यांनी हातात काही नसताना २००० साली 'मालेगाव के शोले' उभा केला. त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तो अनेकांनी पाहिला असेल. व्हीसीआरला व्हीसीआर जोडून कट मारणाऱ्या त्या माणसांना हे हत्यार मिळाले असते तर त्यांनी ते सोडले नसते, हेही आम्ही कबूल करतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. एक, प्रसिद्ध गायकाच्या आवाजाची संगणकी नक्कल आपल्या दुकानाच्या जाहिरातीत घालू नये. अरिजित सिंग यांना जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नकलांविरुद्ध संरक्षण दिले आहे. दुसरी, केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. खऱ्यासारखे भासणारे संगणकनिर्मित चित्र वा आवाज समाजमाध्यमांवर टाकताना तसे लेबल असावे लागते. रंग सुधारणे, खरखर काढणे अशा नेहमीच्या मिक्सिंगला ही अट लागू नाही. वाढवलेले दोन सेकंद कोणत्या बाजूस मोडतात? आमचे मत, लेबल लावून टाकावे. अॅडोबीचे हत्यार मिक्सिंगच्या पट्टीवर तयार केलेल्या तुकड्यावर तशी पाटी स्वतःच लावते, तेव्हा कोणता तुकडा कोठला हे मिक्सिंग करणाऱ्याला ठाऊक असतेच.

धंद्यातल्या पोरांचे काय, हा प्रश्न आम्ही भिवंडीच्या त्या व्हिडिओवाल्यांना विचारला. त्यांच्याकडे दोन मुले शिकाऊ आहेत. पूर्वी खड्डे बुजवण्याचे, आवाज जुळवण्याचे काम तीच करत, आणि त्यातूनच हात बसत असे. ते काम आता यंत्र करते. त्यांनी मुलांना काढलेले नाही. एकाला दुसरा कॅमेरा दिला आहे, कारण दोन कॅमेरे असले की सीन कमी पडत नाही. पण सगळेच असे करतील याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, आणि नव्या मुलाचा हात कशावर बसणार, याचे उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते.

त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला आहे. पडदा, दिवे, झुंबर, रिकामा हॉल, पंख्याचा आवाज वाढवायचा. काझीसाहेबांचा खुतबा, वधूवरांचा होकार, निकाहनाम्यावरची सही आणि कोणाचाही चेहरा वाढवायचा नाही, मग जोड कितीही खडबडीत दिसो. निकाहाचा व्हिडिओ पुढे वादाच्या वेळीही काढून पाहिला जातो, आणि त्यात कोणी न केलेली हालचाल असता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. व्हिडिओ हवाली करताना न कापलेले मूळ शूटिंगही ते वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये देतात. पेनड्राइव्हचे पैसे बिलात लावतात, वाढवलेल्या सेकंदांचे लावत नाहीत.