गाठ अंडाशयात, आजार मेंदूत

विशीतील एखादी धडधाकट मुलगी आठ-दहा दिवसांत पार बदलून जाते. प्रथम थोडा ताप व डोकेदुखी. मग झोप उडते, ती साऱ्यांचा संशय घेऊ लागते, असंबद्ध बोलते. पुढे फिट येतात, वाचा अडखळते, तोंड व हात वेडेवाकडे हलतात; कधी ती तासन्‌तास निश्चल पडून राहते. घरातील कोणी मनोविकारतज्ज्ञाचे नाव सुचवितात, कोणी 'बाहेरची बाधा' म्हणून कुजबुजतात. या दोहोंपलीकडे एक तिसरी शक्यता असते. ती आपल्या कुटुंबांना ठाऊक असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. जोसेप दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अशा चार तरुणींची नोंद केली. चौघींच्याही अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. 2007 साली त्यांनी बारा स्त्री-रुग्णांच्या अभ्यासातून रोगाचे मूळ दाखवून दिले आणि 'अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस' हे नाव रूढ झाले.

टेराटोमा ही विलक्षण गाठ आहे. तिच्यात केस, दात, चरबी आणि कित्येकदा मज्जापेशीही आढळतात. शरीराची प्रतिकारशक्ती या अस्थानी वाढलेल्या मज्जापेशींना परके समजते व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. परंतु त्याच पेशींवरील एनएमडीए रिसेप्टर मेंदूतही असतात. स्मृती, शिक्षण व वर्तन यांसाठी लागणारे रासायनिक संदेश ते स्वीकारतात. प्रतिपिंडे त्यांना चिकटली की हे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि पृष्ठभागावरील त्यांची संख्या घटते. पेशी मात्र बहुधा जिवंत राहते. प्रतिपिंडे ओसरली की रिसेप्टर पुन्हा वर येतात, आणि रुग्ण बरा होण्याची आशा त्यातच आहे.

गाठीमुळे उद्भवणाऱ्या सर्वच मज्जाविकारांविषयी असे म्हणता येत नाही. फुफ्फुसाच्या, स्तनाच्या वा अंडाशयाच्या काही कर्करोगांत प्रतिकारपेशी मेंदूतील पेशींचा थेट नाश करतात. लहान मेंदू असा नष्ट झाल्यावर गेलेला तोल सहसा परत येत नाही. तेथे लाभ एवढाच, की मज्जाविकाराच्या लक्षणांवरून कर्करोगाचा शोध लवकर लागतो.

प्रत्येक रुग्णाला गाठ असतेच असे नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 577 रुग्णांच्या पाहणीत ती 38 टक्के रुग्णांत आढळली. लहान मुले व पुरुष यांच्यात ती विरळा. काहींना मेंदूच्या हर्पिस संसर्गानंतर हा विकार जडतो.

निदानात एक अडचण आहे. मेंदूचा एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो आणि घरचे निश्चिंत होतात. पाठीच्या कण्यातील पाणी काढून त्यात प्रतिपिंडे शोधावी लागतात. केवळ रक्ततपासणीवर विसंबणे पुरेसे नाही. ईईजी व ओटीपोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआयही आवश्यक ठरतो. गाठ सापडल्यास शस्त्रक्रियेने काढतात. जोडीला स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वा प्लाझ्मा बदलणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधे देतात. वरील पाहणीत दोन वर्षांच्या अखेरीस सुमारे 80 टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते. उपचार जितके लवकर, तितका गुण अधिक.

राहिला प्रश्न 'बाधे'चा. या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. 1614 च्या रोमन विधिग्रंथातही, कोणाला सैतानाने पछाडले आहे असे सहजासहजी मानू नये, असा इशारा होता. 1992 चा कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही अगदी वेगळी बाब असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. स्थानिक बिशपांच्या खास परवानगीविना भूत काढण्याचा विधी करण्यास धर्मगुरूंनाही मनाई आहे. आजारी मुलीसाठी प्रार्थना जरूर करावी. मात्र ती इस्पितळातील खाटेशेजारी व्हावी, असे आम्हांस वाटते.

सुधारणेला महिने लागतात. वाचा व चालणे आधी परतते. स्मरणशक्ती आणि स्वभावातील समतोल मागाहून. त्या काळात अभ्यास वा नोकरीची घाई करू नये. आजार उलटण्याचा संभवही असतो, म्हणून गाठ न सापडलेल्या मुलींचीही पुढील काही वर्षे ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून घ्यावी लागते.