आधी चाळिशी, मग बाराखडी

८ सप्टेंबर २०२५ ला साक्षरता दिन झाला आणि त्याच दिवशी हिमाचल प्रदेशानं आपण संपूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर केलं. त्याआधी लडाख, मिझोराम, गोवा आणि त्रिपुरा यांनी ही घोषणा केली होती. गोव्यानं ३० मे रोजी, म्हणजे घटकराज्य दिनाचा मुहूर्त साधून केली. शेजारच्या घरात तोरण लागलं की आपल्याकडे विचारणा सुरू होते, तशी आता महाराष्ट्राचा नंबर कधी, ही चर्चा सुरू झाली आहे. केंद्राच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाच्या नोंदी किती झाल्या, तालुक्याचं उद्दिष्ट किती टक्के गाठलं, याचे तक्ते शिक्षण विभागाच्या बैठकांमध्ये फिरत आहेत. नाव नोंदवलेल्या बाईला पुस्तकातलं अक्षर दिसतं का, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. हा लेख त्या रकान्यासाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर भरणाऱ्या वर्गात काही वेळ बसायला मिळालं. शिकवणारी मुलगी अकरावीतली, समोरच्या बहुतेक बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या. पहिल्या रांगेतल्या मावशींनी पुस्तक हातात घेतलं, आधी जवळ धरलं, मग हात लांब करत करत पार गुडघ्यापलीकडे नेलं. तिथूनही जमेना तेव्हा त्या ओसरीच्या कडेला उन्हात सरकल्या. 'घ' आणि 'ध' त्यांना वेगळे कळत नव्हते. मुलगी पुन्हा पुन्हा समजावत होती आणि मावशी म्हणत होत्या, "तू म्हण बाई, मी तुझ्या मागनं म्हणते." त्या पाठ करत होत्या. कान तल्लख, स्मरणशक्ती दांडगी, त्यामुळे अख्खं पान त्यांनी बिनचूक म्हणून दाखवलं. मुलीच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'वाचन – चांगले' असा शेरा पडला.

शेजारी बसलेल्या एका बाईंनी आपल्या नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळतो तसला, तयार नंबराचा. तो लावून मावशींनी पान पुन्हा बघितलं आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी, "ह्या अक्षराच्या पोटात गाठ हाय व्हय?" 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिकवायला तिथे कुणाची गरज उरली नव्हती.

चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसायला लागतं. हा आजार नाही, डोळ्याच्या भिंगाची लवचीकता वयानुसार कमी होते, इतकंच. शिकलेल्या माणसाच्या हे पंधरा दिवसांत लक्षात येतं, कारण वर्तमानपत्र लांब धरावं लागतं. जिनं आयुष्यात कधी वाचलंच नाही तिला सुईत दोरा ओवता आला नाही की कळतं आणि तेव्हा ती नातीला हाक मारते. चष्म्याच्या दुकानाची पायरी चढायचं कारण तिच्या आयुष्यात आलेलंच नसतं. मग एक दिवस शाळेतून कुणीतरी येतं, तिचं नाव लिहून घेतं आणि तिच्यासमोर असं पुस्तक ठेवतं, जे तिला दिसत नाही. तिला वाटतं, आपलं डोकं चालत नाही. शिकवणाऱ्यालाही तसंच वाटतं. चार दिवसांनी ती येईनाशी होते आणि अहवालात कारण लागतं 'अनुत्साह'.

जवळचा चष्मा नसल्यामुळे ज्यांना जवळचं नीट दिसत नाही अशी माणसं जगभरात ८० कोटींहून अधिक आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेनं वापरलेला अंदाज आहे. आसामच्या चहामळ्यांतला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या ७५१ पत्ती तोडणाऱ्या कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना प्रयोग संपेपर्यंत दिला नाही. चष्मा मिळालेल्यांची तोडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. बांगलादेशातल्या ग्रामीण कारागिरांवरचा असाच एक प्रयोग २०२४ मध्ये आला. तिथे चष्मा मिळालेल्यांचं मासिक उत्पन्न आठ महिन्यांत न मिळालेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त भरलं. दोन्ही प्रयोग कामाचे होते, वाचनाचे नव्हते. पण पत्ती खुडायला, मणी ओवायला नजर लागते तशी 'ळ'ची दोन वेटोळी ओळखायलाही लागते.

आता नावनोंदणीकडे येते. 'उल्लास' म्हणजे केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या पाच वर्षांचा, १,०३७.९० कोटी रुपयांचा. वयाची १५ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही त्यात येता येतं, वरची मर्यादा नाही. शाळा हे त्याचं केंद्र. जवळच्या शाळेत जाऊन नाव सांगायचं किंवा मोबाइलवरच्या उल्लास अॅपमधून कुणाकडून तरी नोंद करून घ्यायची. शिकवणारे स्वयंसेवक असतात: शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, एनएसएसचे विद्यार्थी, शाळेतली मोठी मुलं. त्यांना मानधन नाही आणि शिकणाऱ्याला फी नाही. पुस्तक फुकट, परीक्षाही फुकट. इथवर सगळं सोपं आहे.

अवघड आहे ते दारात उभं राहून 'तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?' हे विचारणं आणि त्याहून अवघड त्याचं खरं उत्तर देणं. सर्वेक्षणाला येणारे बहुधा नातवाचे गुरुजी. त्यांच्यासमोर, सुनेच्या देखत, 'मला येत नाही' असं साठीची बाई कसं म्हणेल? ती म्हणते, सही येते. सही येते हे खरंच असतं. ती काढायला तिला शिकवलेलं असतं, नक्षी काढावी तशी. म्हणून खरी नोंद घरोघरच्या यादीतून होत नाही. ती बचत गटाच्या बैठकीत होते, रेशन दुकानाच्या रांगेत होते, आशाताई एकटी भेटते तेव्हा होते. बायका बायकांना सांगतात. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा वाद झाला तो हे काम शैक्षणिक की अशैक्षणिक यावर. शिक्षकांवर आधीच इतका भार असताना त्यांचा राग मला समजतो. पण हे काम त्यांच्यापेक्षा आशाताईला चांगलं जमलं असतं, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच राहिला. शिवाय आशाताईच्या पिशवीत नजर तपासायचा एक तक्ता सहज मावतो.

वेळेचंही तसंच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा ती माणसं कामावर असत. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपले कितीतरी वर्ग शाळा सुटल्यावर, संध्याकाळी भरतात. ती शिकवणाऱ्याच्या सोयीची वेळ आहे; बाईच्या घरात तेव्हा चूल पेटलेली असते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या साठ ते नव्वद वयाच्या आज्यांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले. फोटोंपलीकडच्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. ती शाळा दुपारी भरत असे, कारण तेवढाच वेळ आज्यांचा स्वतःचा होता. शिकवणारी गावातलीच सून होती आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती. आणि शाळा निघाली ती आज्यांच्याच मागणीवरून: शिवजयंतीला गावात पारायण चाललं असताना, आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं त्या बोलल्या होत्या. त्यांना पोथी वाचायची होती.

पोथी हे कारण आपल्या योजनाकारांना फारसं पटत नाही. त्यांना 'जीवनकौशल्यं' हवी असतात. पण शिकणारीचं कारण तिनं ठरवायचं असतं. कुणाला एसटीची पाटी वाचायची असते. कुणाला 'लाडकी बहीण'चे दीड हजार जमा झाल्याचा मेसेज नातवाला न दाखवता बघायचा असतो, कारण नातवाला कळलं की घरभर कळतं. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराला बँक सहसा चेकबुक देत नाही, पैसे काढायला स्वतः यावं लागतं, अंगठ्याला साक्षीदार लागतो. म्हणजे तिच्या पैशाची खबर नेहमीच आणखी एका माणसाला असते. असल्या परावलंबनातून सुटायची ओढ ही वर्गाला येण्याची फार मोठी प्रेरणा आहे. सर्वेक्षणाच्या अर्जात मात्र 'तुम्हाला काय वाचायचं आहे?' असं विचारत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्याचा, म्हणजे भाषेचा, मुद्दा तर आणखी पुढचा. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि नंदुरबारची ६४.३८, सगळ्यात कमी. तिथल्या अनेक भिल्ल, पावरा बायकांच्या घरात मराठी बोलत नाहीत. आधी भाषा, मग अक्षर, असा दुहेरी डोंगर त्यांना चढायचा आहे, तोही एका मराठी पुस्तिकेच्या आधारानं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नापास असा शिक्का मारत नाहीत, 'सुधारणा आवश्यक' असं लिहितात, हे फार चांगलं आहे. चाचणीच्या दिवशी शाळा सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडी असते. शिकणाऱ्यानं आपल्या सवडीनं यायचं आणि तीन तास घ्यायचे. पन्नाशीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची उत्तरपत्रिका भरली, याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. मार्च २०२४ मध्ये राज्यात पहिल्यांदा ही चाचणी झाली, तेव्हा चार लाखांहून अधिक माणसं तिला बसली होती.

पण वाचनात पन्नासपैकी सतरा गुण मिळाले म्हणजे माणूस वाचू लागला, असं कुणी समजू नये. गोव्याचा आकडा ९९.७२ टक्के जाहीर झाला; केंद्राच्याच २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत तो ९३.६० होता. मोजायच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. संपूर्ण साक्षर म्हणवून घ्यायला केंद्रानं ९५ टक्क्यांची रेषा आखली आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे सुमारे १ कोटी ६३ लाख निरक्षर २०११ च्या जनगणनेवरून धरलेले आहेत, म्हणजे उद्दिष्टाचा पायाच दशकाहून अधिक जुना. पुढची जनगणना २०२७ ची. तिथेही प्रगणक कुणाला वाचून दाखवायला सांगत नाही. घरातला जो माणूस माहिती देतो, त्याच्या सांगण्यावर अख्ख्या घराचा रकाना भरतो.

आपल्याला याचा जुना अनुभव आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. प्राथमिक शिक्षकांनी मोबदला न घेता रात्री शिकवलं. गावातली १४ ते ५० वयाची सगळी माणसं साक्षर झाली की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रानं लोकशक्तीवर केलेल्या मोठ्या कामांत मी या मोहिमेला वरचं स्थान देईन. तरीही पुढच्या काही वर्षांत शिकलेलं विसरणं मोठ्या प्रमाणावर झालं. समारंभानंतर वाचायला काही नव्हतं, वर्ग बंद झाला होता आणि अक्षर वापरलं नाही की हातातून जातं.

आज वाचायला काही नाही, असं म्हणता येणार नाही. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयंच राज्यात अकरा-बारा हजार आहेत. त्यांच्या किती कपाटांत नवसाक्षरासाठी ठळक, मोठ्या टायपातलं, छोट्या वाक्यांचं पुस्तक आहे? बालविभागातली पुस्तकं साठीच्या बाईला देऊ नयेत. ससा-कासवाची गोष्ट तिनं स्वतः नातवंडांना सांगितलेली आहे. तिला भजनं, ओव्या, पाककृती, शेतीची माहिती, चांगल्या जोरकस कथा मोठ्या अक्षरात हव्या आहेत. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळ्या आहेत आणि त्यापुढे दहावी. हा जिना अस्तित्वात आहे, पण उल्लासचं प्रमाणपत्र हातात देताना त्याची पहिली पायरी कुणी दाखवत नाही. प्रमाणपत्रासोबत ग्रंथालयाचं सभासदत्व दिलं तर खर्च किती येईल?

आणि चष्मा. त्याला नवी योजना लागत नाही. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वयस्कांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आधीपासून आहे. ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, शिबिरं होतात. फक्त शिक्षण विभागाची यादी आणि आरोग्य विभागाचं शिबिर यांची गाठ पडत नाही. माझी मागणी एवढीच आहे: नावनोंदणीच्या अर्जात 'जवळचं दिसतं का?' हा प्रश्न घाला आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी, पुस्तक वाटायच्या आधी, ओसरीवर नजर तपासणीचं टेबल मांडा. प्लस एकपासून प्लस तीनपर्यंतच्या नंबरांचे तयार चष्मे त्या टेबलावर असू द्या. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसेल त्यांना चष्मा देऊन बोळवू नका, शस्त्रक्रियेसाठी पाठवा. मधुमेह असेल तर पडदाही तपासा. हे राहून गेलं असेल, तर चाचणीच्या दिवशी तरी सकाळी १० ते संध्याकाळी ५ ते टेबल परीक्षेच्या वर्गाबाहेर लागायला हवं आणि मावशी आत जाण्याआधी तिथे थांबायला हव्यात.