विंचूदंश आणि लहान ग्रामीण रुग्णालय : महाड-पोलादपूर भागातील एक उदाहरण

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे जाताना डोंगरउतारावर ज्या वाड्या लागतात, त्यांच्या बाबतीत रुग्णालयाचे अंतर मैलांत न मोजता तासांत मोजावे लागते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा घाट बंद पडला आणि त्याच वेळी सावित्रीच्या पुराने महाड शहरही वेढले गेले. अशा मुलुखात लहान रुग्णालयाचे कार्य कोणते? प्रथमोपचार करून रुग्णास वरच्या रुग्णालयात पाठविणे, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. भोर समितीने १९४६ मध्ये मांडलेल्या आरोग्यव्यवस्थेच्या उतरंडीचा असा अर्थ काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे, हे याच भागातील विंचूदंशाच्या अभ्यासावरून दिसून येईल.

कोकणातील तांबडा विंचू जांभ्याच्या सांदीत, कौलांखाली, भाताच्या पेंढ्यात राहतो. साहजिकच दंश होतो तो शेतकऱ्यास, मजुरास व त्यांच्या मुलांस. या विषामुळे मज्जातंतूंच्या आवरणांतील सोडियमचे मार्ग वेळेवर मिटत नाहीत. त्यामुळे ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकाएकी लोटतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावरील भार असह्य होतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचते. गंभीर दंश झालेल्यांपैकी तीस ते चाळीस टक्के रुग्ण पूर्वी दगावत, असे वैद्यकीय लेखनात नमूद आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, पुरुषांत शिश्नाचा ताठरपणा ही येऊ घातलेल्या हृदयविकाराची पूर्वचिन्हे होत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. ज्याला केवळ ठणका आहे, तो बहुधा वाचतो. ज्याचा ठणका बेताचा पण अंग घामाने थबथबलेले, त्याचीच काळजी अधिक! हा क्रम पहिल्या एक-दोन तासांत उलगडतो. दूरच्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण पोचेपर्यंत त्याचे शेवटचे प्रकरणच तेवढे उरलेले असते. म्हणून हे ज्ञान तेथे न उपजता बिरवाडीस उपजले, यात आश्चर्य नाही.

उपचारही त्याच जागेस साजेसा निघाला. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरील साधी, स्वस्त, पोटात घ्यावयाची गोळी. आकुंचित रक्तवाहिन्या सैल करून ती विषाच्या परिणामावर नेमका आघात करते. तिच्या वापराचा अनुभव १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मृत्यूचे प्रमाण पुढे अत्यल्प झाले. ॲट्रोपिनसारखी, पूर्वी सर्रास दिली जाणारी औषधे उलट अपाय करतात, हेही याच निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

पुढे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा तुलनाही महाडमध्येच झाली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. मात्र प्रकृती ढासळू न देण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले. या निष्कर्षाचा आमच्या मते पुरेसा विचार झालेला नाही. प्रतिविषास पैसा लागतो. गोळी उपकेंद्राच्या कपाटातही राहू शकते. ज्या वाडीहून रात्री वाहन मिळणे कठीण, तेथे आधी गोळी व मग वाहन हाच क्रम योग्य.

गोळी दिली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो; रुग्णास उठून बसू देता येत नाही, मात्रा दर तीन तासांनी द्यावी लागते आणि नाडी व रक्तदाब वारंवार पाहावा लागतो. वरील चाचणीत केवळ प्राझोसिनवर असलेल्या रुग्णांस बरे होण्यास सरासरी सतरा-अठरा तास लागले. तेवढा वेळ, त्यातही रात्री, खाटेजवळ बसणारी प्रशिक्षित परिचारिका पोलादपूरसारख्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि त्याहून आतल्या केंद्रांत हजर असते किंवा नाही, यावर त्या गोळीचा उपयोग अवलंबून राहतो.