डायल-अप आंतरजाल जोडणी

सर्वसाधारण दूरध्वनीच्या तारेवरून संगणक आंतरजालाशी जोडण्याची पद्धत. तीत मॉडेम हे उपकरण संगणकाच्या अंकीय संकेतांचे श्राव्य कंप्रतेच्या (सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ) संकेतांत व आलेल्या संकेतांचे पुन्हा अंकीय संकेतांत रूपांतर करते. जुन्या संगणकास ते बाहेरून सीरियल पोर्टाद्वारे जोडीत. नंतर विंडोज ९५ सारख्या प्रणालीत सेवा केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, सदस्यनाम व परवलीचा शब्द नोंदवीत. पोर्टाच्या १६५५० या चिपेत १६ बाइटांची तात्पुरती साठवण असे. पूर्वीच्या ८२५० चिपेत ती नसल्याने जलद मॉडेम लावल्यास काही माहिती मध्येच गळे. व्ही.९० मानकाच्या (१९९८) मॉडेमचा कमाल वेग सेकंदास ५६ किलोबिट होता. त्या वेगानेही १ मेगाबाइट माहिती येण्यास सु. अडीच मिनिटे लागत. तारेत खरखर असल्यास वेग आणखी घटे.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा जनतेस खुली केली. तिची प्रारंभीची केंद्रे मोठ्या शहरांतच होती. जळगाव वा धुळे येथून मुंबईच्या केंद्राशी जोडणी करावयाची, तर एसटीडीचा आकार पडे. त्यामुळे पत्र आधी लिहून ठेवणे व ते पाठविताच जोडणी तोडणे किफायतशीर ठरे. भारत संचार निगम (स्थापना १ ऑक्टोबर २०००) याच्या संचारनेट सेवेचा क्रमांक स्थानिक दराने मिळू लागल्यावर खानदेशासारख्या भागांतील अंतराचा अडसर दूर झाला. पुढे ब्रॉडबँड व मोबाइल सेवांमुळे ही पद्धत मागे पडली.