पेएबल्सच्या पोरांना नेमकं काय शिकवावं?

अकाउंट्स पेएबलच्या ट्रेनिंगमध्ये टॅलीच्या एंट्र्यांवर दिवस घालवू नका, त्या सरावाने हातात बसतात. वेळ द्या बिल तपासण्याला. पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून नग, दर, जीएसटी नंबर ताडून पाहायला शिकवा.

पुरवठादाराचं उद्यम सर्टिफिकेट तर मागायलाच हवं! उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असतानाही जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. हे किती जणांना माहीत असतं?

आणि बँक खातं बदलल्याची मेल आली, तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही सोडायचा नाही.