मूर्ती लहान, मोल महान : आटोपशीर मोबाइलचे गुणदोष

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. यंत्रांच्या बाबतीत ती कितपत खरी ठरते, याचा विचार मोबाइलच्या निमित्ताने करणे उद्बोधक होईल. हल्ली घराघरांत नवा मोबाइल घेण्याची चर्चा होते आणि पुष्कळदा ती ‘पडदा केवढा?’ या एकाच प्रश्नाशी येऊन थांबते. मोठा तो चांगला, असा समज त्यामागे असतो. काही निर्मात्यांनी मात्र आपले सर्वोत्तम यंत्रज्ञान मुद्दाम लहान देहात बसविण्याचा प्रयत्न केला. अशा मोबाइलला आपण ‘आटोपशीर श्रेष्ठ मोबाइल’ म्हणू. त्याचे गुणदोष पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. २००७ साली निघालेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंचांचा होता. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा एवढे मोठे यंत्र कानाला कोण लावणार, असे अनेकांना वाटले. पुढे दहा वर्षांनी, २०२१ मध्ये आलेल्या आयफोन १३ मिनीचा पडदा ५.४ इंचांचा होता आणि तो मात्र ‘लहान’ गणला गेला! हा केवळ दृष्टीतील फरक नव्हे. नोटची रुंदी सुमारे ८३ मिलिमीटर होती, मिनीची ६४.२. पडद्याभोवतीच्या कडा आक्रसल्या आणि पडदा उंच व निमुळता झाला, म्हणून हे साधले.

आता गुण पाहू. आयफोन १३ आणि १३ मिनी ही सख्खी भावंडे. दोघांचा मेंदू म्हणजे प्रक्रियक एकच, कॅमेरेही तेच. परंतु थोरल्याचे वजन सुमारे १७३ ग्रॅम, तर धाकट्याचे सुमारे १४०. रुंदीतील सात मिलिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण अंगठ्याला विचारा! लहान मोबाइल एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने सबंध पडदा गाठता येतो. बसमध्ये दांडी धरून उभा असलेला प्रवासी, कडेवर मूल घेतलेली माता किंवा एका हातात पिशवी असलेला गृहस्थ यांना ही सोय मोलाची वाटते. सदऱ्याच्या खिशातून तो डोकावत नाही, आणि पकड घट्ट असल्यामुळे हातातून निसटण्याचे भयही कमी.

दोषांचे मूळ भूमितीत आहे. थोरल्या भावाचे आकारमान धाकट्याच्या सुमारे सव्वापट आहे. परंतु कॅमेरा, प्रक्रियक, ध्वनिवर्धक हे भाग दोघांतही जवळजवळ सारखीच जागा अडवितात. देह आखडला की काट बसते ती मुख्यतः बॅटरीवर. सलग चित्रफीत पाहण्यासाठी निर्मात्याने थोरल्यास १९ तास दिले, तर धाकट्यास १७. शिवाय आयफोन १४ पर्यंतच्या मोबाइलांच्या बॅटरीची धारणशक्ती विद्युतभरणाच्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्के राहावी, असा निर्मात्याचा हिशेब आहे. ज्याला रोज एक पूर्ण फेरी लागते, त्याच्या ५०० फेऱ्या ५०० दिवसांत संपतात. ज्याला रोज पाऊण फेरी पुरते, त्याला त्यासाठी सुमारे ६६७ दिवस लागतात. म्हणजे लहान बॅटरी दिवसाच नव्हे, तर आयुष्यातही लवकर थकते. जुना आटोपशीर मोबाइल स्वस्तात घेणाऱ्याने बॅटरी बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

दुसरा दोष उष्णतेचा. तोच प्रक्रियक लहान देहात बसविला की उष्णता बाहेर टाकण्यास पृष्ठभाग कमी मिळतो, आणि यंत्र तापले की ते आपला वेग आपणच कमी करते. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, अशी निर्मात्याची सूचना आहे. आपल्या सुरतेचा उन्हाळा ही मर्यादा सहज ओलांडतो.

तिसरा दोष विद्यार्थ्यांस विशेष जाणवेल. १८ सेंटिमीटर रुंदीचे छापील पान मिनीच्या पडद्यावर उभे धरून पाहिले, तर ते ५.८ सेंटिमीटरांत आवळले जाते; बारा पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे होते. रोमन अक्षरे तशीही ओळखू येतील कदाचित. पण देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. ‘ष्ट’ की ‘ष्ठ’ हे पाहताना डोळ्यांना शीण होतो.

लहान वस्तू स्वस्त असावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. भारतात आयफोन १३ प्रारंभी ७९,९०० रुपयांस, तर मिनी ६९,९०० रुपयांस होता. दहा हजार कमी, पण स्वस्त नव्हे. याचे कारण इच्छापोरच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. येथील हिऱ्यांच्या कारखान्यांत काम करणारे रत्नकलाकार जाणतात की, पूर्ण पैलूंचा हिरा लहान असला तरी त्याला ५७-५८ पैलू पाडावेच लागतात. आकार घटला म्हणून कौशल्य घटत नाही.

तरीही बहुसंख्य ग्राहकांनी मोठा पडदाच पसंत केला. २०२२ च्या नव्या आयफोनांत मिनी नव्हता. असूसने ५.९ इंचांचे झेनफोन ९ व १० काढले, पण २०२४ मध्ये त्यांच्यामागून आलेला झेनफोन ११ अल्ट्रा ६.७८ इंचांचा होता. आशेचा किरण आहे तो नव्या बॅटरीत. तिच्या ऋणाग्रात नुसत्या ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन-कार्बन वापरल्याने तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा साठते. २०२५ मध्ये आलेल्या वनप्लस १३एसमध्ये ६.३२ इंचांच्या पडद्यामागे ५,८५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी बसली. पण तेथेही विस्तृत दृश्य टिपणारा मागील कॅमेरा गाळावा लागला, आणि वजन १८५ ग्रॅमवर गेले.

तेव्हा निवड कशी करावी? खानदेशातून येऊन सुरतेच्या मागांवर राबणाऱ्या अनेक कुटुंबांत एकच चांगला मोबाइल असतो. दिवसा तो वडिलांच्या खिशात, सायंकाळी आईच्या हातात आणि रात्री मुलांच्या अभ्यासाला. अशा घराला बेताच्या किमतीचा, मोठ्या पडद्याचा व दिवसभर पुरणारा मोबाइलच हितावह आहे. ज्याचे वाचन पुस्तकावर किंवा संगणकावर होते आणि मोबाइल केवळ बोलणे, निरोप व छायाचित्रे यांसाठी लागतो, त्याने आटोपशीर मोबाइल खुशाल घ्यावा. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी हा प्रश्न निघेल तेव्हा ‘पडदा केवढा?’ याच्या आधी ‘तो कोण कोण वापरणार, आणि कशासाठी?’ हे विचारा. हप्ते फेडणाऱ्या वडिलांना त्या प्रश्नाचा खरा उपयोग होईल.